यामिनीचं अक्षर

विद्युलताबाई वही तपासायला घेत तेव्हा आधी मजकूर वाचत नसत, शिरोरेषा बघत. मैलापूरच्या एका खासगी शाळेत त्या हिंदी शिकवायच्या. नवऱ्याची, बाळकृष्णांची, बँकेतली बदली चेन्नईला झाली आणि पुण्याहून आलेलं हे जोडपं मंदवेळीतल्या एका फ्लॅटमध्ये कायमचं रुजलं. शाळेतली मुलं घरी तमिळ नाहीतर तेलुगू बोलणारी. अक्षरं ती काढायची कशीबशी, पण वरची रेघ मारायचा त्यांना भारी कंटाळा. कोणी शब्द संपल्यावर एका फटक्यात ती ओढायचा, कोणी प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी घालायचा. त्या रेघेवरून बाईंना बरंच काही कळायचं. आदल्या दिवशी ताप होता, घरी मार बसला, गृहपाठ ताईकडून करून घेतला. एका मुलीची रेघ सारखी खाली उतरायला लागली तेव्हा तिच्या आईला बोलावून बाईंनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं. यात काही मोठी विद्या आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. रोज कणीक मळणाऱ्या हाताला पीठ सैल झालंय की घट्ट हे कळतंच की.

त्या जूनमध्ये शाळेने सहावीपासून वरच्या वर्गांत कागद बंद केला.

प्रिन्सिपल रामस्वामींनी सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर ते समजावून सांगितलं. प्रत्येक मुलाला लॅपटॉप. वही नाही, पुस्तक नाही, पेन्सिलसुद्धा नाही. दप्तराचं ओझं गेलं. पावसात वह्या भिजायची भीती गेली. मुलगा घरी किती वेळ अभ्यासाला बसला, कुठे अडला, ते शिक्षकाला आपल्या पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दिसणार.

"सर, हिंदीचं काय?" विद्युलताबाईंनी विचारलं. "लिपीच शिकवायची आहे. हाताने काढल्याशिवाय अक्षर बसत नाही."

रामस्वामी वाईट माणूस नव्हते. शाळेच्या जिन्यावर दप्तराच्या वजनाने तोल जाऊन एक मुलगी पडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ही मुलं मोठी होऊन कुठे हाताने लिहिणार आहेत? तुम्ही शेवटचं पत्र हाताने कधी लिहिलंत?"

बाईंना आठवेना. सगळे हसले, त्याही हसल्या. घरी जाताना मात्र त्यांना उगाचच वाटत राहिलं, की कोणीतरी खोलीतला दिवा मालवलाय आणि अंधार झालाय हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

सातवीच्या वर्गात यामिनी नावाची एक मुलगी होती. तिच्यावर बाईंचा थोडा जास्त जीव होता, कारण ती मराठी होती. म्हणजे तंजावरकडची. तिच्या पणजोबांच्या आधीपासून कोणी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता, पण घरात अजून ती जुनी मराठी बोलत. सगळा हेल तमिळ, मधूनमधून शब्दही तमिळ, आणि मध्येच असा एखादा शब्द यायचा की बाईंना आपल्या आजेसासूची आठवण व्हावी. यामिनी सहावीत असताना तिची वही बाई दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायच्या. ठसठशीत, गोल अक्षर आणि वर सुतात धरल्यासारखी रेघ. मुलगी बोलकी, खोडकर, प्रश्नांनी भंडावून सोडणारी.

लॅपटॉप आले आणि हिंदीचा तास शांत झाला. मुलं इंग्रजी अक्षरांत शब्द टाइप करायची, खाली पडद्यावर देवनागरी उमटायची. चुकलं तर यंत्रच योग्य शब्द सुचवायचं. बोट लावलं की झालं. शिरोरेषा आपोआप यायची, सगळ्यांची सारखी, सगळ्यांची सरळ. बाई संध्याकाळी घरी बसून चाळीस निबंध वाचायच्या आणि कोणता कोणाचा ते वर नाव पाहिल्याशिवाय त्यांना सांगता यायचं नाही.

यामिनीचं काम सुरुवातीला नेहमीसारखंच चोख होतं. मग ते उशिरा यायला लागलं, पण यायचं चोखच. बाईंच्या पडद्यावर तिच्या नावापुढे कायम हिरवा ठिपका. उलट यंत्राचं म्हणणं असं, की ही मुलगी पूर्वीपेक्षा जास्त वेळ अभ्यासाला बसते. शिक्षकांच्या बैठकीत रामस्वामींनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं.

वर्गात मात्र ती हात वर करेनाशी झाली. प्रश्न विचारला तर उत्तर येई, पण जरा उशिराने आणि जड. तोंडात पेपरमिंट ठेवून बोलावं तसं. बाई एकदा रागावल्यासुद्धा, "आधी ते तोंडातलं थुंकून ये." यामिनी उठून बाहेर गेली आणि परत आली. तिच्या तोंडात काहीच नव्हतं, हे बाईंना नंतर शेजारच्या मुलीकडून समजलं. ती हसायची तेव्हा ओठ पुन्हा मिटायला वेळ लागायचा. बसताना उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायची सवय तिला केव्हा लागली, ते कोणीच सांगू शकलं नसतं.

नोव्हेंबरच्या पावसात एक दिवस बाई वर्गात फिरत फिरत यामिनीच्या मागे उभ्या राहिल्या. ती निबंध टाइप करत होती. तिने 'कमल' लिहायला घेतलं. पडद्यावर आधी क, मग पुन्हा क, पुन्हा क, मग म च्या जागी भलतंच काही, पुन्हा म. ओळभर नुसता चिखल झाला. आणि मग, बाईंच्या डोळ्यांदेखत, यंत्राने तो सगळा चिखल पुसून तिथे 'कमल' असा स्वच्छ शब्द ठेवला. यामिनी पुढच्या शब्दाकडे गेली. पुन्हा चिखल, पुन्हा स्वच्छ शब्द.

बाई तिच्याजवळ वाकल्या.

"यामिनी, बोटं दुखतात का गं?"

मुलीने दचकून हात मागे घेतला. "नाही मिस. की-बोर्ड अस्साच आहे. सगळ्यांचं अस्संच हुतंय."

बाईंनी दुसऱ्या मुलांकडे पाहिलं. तसं कोणाचंच होत नव्हतं. पण घंटा झाली, पाऊस वाढला, मुलांना न्यायला आलेल्या रिक्षांची फाटकापाशी गर्दी झाली, आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

पुढच्याच आठवड्यात मैलापुरातल्या लूझच्या कोपऱ्यावर भाजी घेताना यामिनीची आई भेटली. अलमेलूबाई एका विमा कचेरीत कारकून होत्या. एरवी हसतमुख, आज चेहरा ओढलेला.

"मिस, तुम्ही तरी तिला काही सांगा हो," त्या म्हणाल्या. "कसाला असं जालं की, कळतच नाही. फार कोप येतंय तिला. परवा सांबाराचं भांडं हातातून टाकलं. मी ओरडले, तर ताट भिरकावलं. आणि मग घटकाभर नुसती रडतेय."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"शाळेच्या त्या कौन्सेलर मॅडमला दाखवलं की. त्या म्हणाल्या, हे वयच तसं, त्यात सारखं स्क्रीन. लॅपटॉप कमी करा म्हणाल्या. ह्यांनी आता घरी आल्यावर लॅपटॉप कपाटात ठेवायला सुरू केलंय."

बाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. लॅपटॉप वाईट, हे त्या जूनपासून म्हणतच होत्या. आता दुसरं कोणी तेच म्हणतंय. पण त्यांना बरं वाटलं नाही. हे लॅपटॉपचं नाही, असं आतून कोणीतरी सांगत होतं. मग कशाचं? कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून त्या घरी आल्या. बाळकृष्ण म्हणाले, "तू एकेका पोराचं फार मनाला लावून घेतेस."

यामिनीचा हिरवा ठिपका पिवळा झाला. घरी लॅपटॉप मिळत नव्हता, तर काम अपुरं राहणारच, असं सगळ्यांनी धरलं. वडिलांनी लॅपटॉप परत दिला. ठिपका पुन्हा हिरवा. सगळे निश्चिंत झाले.

मग मार्गळी लागला. डिसेंबरच्या मध्यापासून तो महिना मैलापुरात वेगळाच असतो. उजाडायच्या आत देवळात भजनं सुरू होतात आणि घराघरांपुढे बायका सडा घालून मोठमोठे कोलम काढतात. आधी पिठाचे ठिपके मांडायचे आणि मग त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ फिरवत न्यायची. बाई सकाळी चालायला निघत तेव्हा मुद्दाम देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून, माडवीथींवरून जात. कोलम बघत चालणं हा त्यांचा वर्षातला मोठा आनंद.

त्या दिवशी त्या यामिनीच्या गल्लीत शिरल्या. घरापुढे यामिनी उकिडवी बसली होती. बाजूला तिची धाकटी बहीण श्रीरंजनी पिठाची वाटी धरून उभी. ठिपके श्रीरंजनीने घातले असावेत, ते नीट ओळीत होते. यामिनी रेघ ओढत होती. ती चिमटीत पीठ घेई, हात ठिपक्याजवळ नेई, आणि तिथे तो हात पंख फडफडावा तसा फडफडू लागे. पीठ भलतीकडेच सांडत होतं. डाव्या हाताने ती उजवं मनगट गच्च धरी आणि पुन्हा सुरू करी. जमिनीवर जे उमटलं होतं ते कोलम नव्हतंच. कोणीतरी तडफडत सरपटत गेल्यासारख्या नागमोडी खुणा होत्या त्या.

"अक्का, थंडी वाजतेय का?" श्रीरंजनी विचारत होती.

चेन्नईत तेव्हा थंडी नव्हती. बाईंनी अंगावर शालसुद्धा घेतली नव्हती.

त्या पुढे गेल्या नाहीत. तिथेच पायरीवर बसल्या. पिशवीतून किराणाच्या बिलाचा कागद काढला, तो उलटा केला आणि पेन यामिनीपुढे धरलं. "तुझं नाव लिही. हिंदीत."

यामिनीने मान हलवली. "नको मिस."

"एकदाच."

"नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला येत नाही आता. कोणाला सांगू नका. लॅपटॉपवर येतंय. लॅपटॉपवर सगळं येतंय मला."

किती महिने तिने हे एकटीने सांभाळलं होतं, कोण जाणे. कागदच नव्हता, म्हणून कोणाला दिसायचं कारणच नव्हतं. बाईंनी तिला जवळ घेतलं. मुलीची मान त्यांच्या खांद्यावर विसावली तेव्हा ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळून त्यांचा पदर भिजला. मग त्या तिचा हात धरून घरात गेल्या.

आत यामिनीचे आजोबा कृष्णस्वामी राव पेपर वाचत होते. वडील गिरिधर ऑफिसला जायच्या तयारीत. बाईंनी बसायचंही टाळलं.

"हिला आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या डॉक्टरकडे. हे वयाचं नाही, लॅपटॉपचं नाही. हिचा हात गेलाय."

"मेंदू?" गिरिधर चिडले. "मिस, पोर जरा अशक्त झालीय. तुम्ही एकदम काहीतरी भलतं..."

"मी चुकले असेन तर पाया पडून माफी मागेन. पण न्या."

कृष्णस्वामींनी पेपर खाली ठेवला आणि नातीकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात आलेल्या सुनेला म्हणाले, "अलमेलू, आज लीव्ह घे."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी यामिनीला हात पुढे धरायला लावले, बोलायला लावलं, चालायला लावलं. मग दुसऱ्या खोलीत नेऊन यंत्रातून तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहेर आल्या त्या गंभीर होऊन. बुबुळाच्या कडेला पिंगट रंगाचं कडं धरलं होतं. ते तांब्याचं होतं. प्रत्येकाच्या अन्नात थोडं तांबं असतं आणि शरीर नको असलेलं बाहेर टाकतं. हिचं शरीर जन्मापासून ते टाकू शकत नव्हतं. ते आधी यकृतात साठलं, तिथून भरून वाहिलं ते मेंदूत गेलं. रोगाचं नाव विल्सन. औषध आहे, पण जन्मभर घ्यायचं.

"तुमचं लग्न नात्यातलं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अलमेलूबाई गिरिधरच्या सख्ख्या मामाची मुलगी. दोघांनी खाली मान घातली.

"यात कोणाचा दोष नाही. दोघांकडूनही बिघडलेली एकेक प्रत आली की असं होतं. नात्यात त्याची शक्यता वाढते, इतकंच." मग त्यांनी विचारलं, "हात केव्हापासून थरथरतो?"

कोणालाच सांगता येईना. "अशा मुलांचं आधी अक्षर बिघडतं," त्या म्हणाल्या. "शाळेतूनच बहुतेक कळतं. वह्या घेऊन या, म्हणजे अंदाज येईल."

"यंदा वह्याच नाहीत," अलमेलूबाई म्हणाल्या.

घरी रोज सगळे रात्रभर तांब्याच्या घागरीत ठेवलेलं पाणी पीत. प्रकृतीला चांगलं म्हणून. त्याने हा रोग झाला नव्हता, डॉक्टरीणबाईंनी ते नीट समजावलं. तरी ती घागर कृष्णस्वामींनी स्वतः उचलून माळ्यावर टाकली.

औषध सुरू झालं आणि यामिनी आणखी बिघडली. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, की साठलेलं तांबं हलायला लागलं की काही दिवस असं होऊ शकतं. सांगितलेलं असलं तरी बघवत नाही. मान एका बाजूला ओढली गेली. घास गिळता येईना. बोलणं तर गेलंच, नुसता घोगरा आवाज यायचा आणि तो कोणाला कळत नाही म्हणून ती उशीवर मूठ आपटायची. विद्युलताबाई शाळा सुटल्यावर जाऊन तिच्याजवळ बसायच्या. बोलायचं तरी काय? शाळेतल्या गमती सांगायच्या. एकदा सांगता सांगता त्यांनी दाराकडे पाहिलं, तर दाराआड श्रीरंजनी उभी. ती आपला हात समोर धरून बघत होती, बोटं पसरून, श्वास रोखून. तो थरथरतोय का ते बघत होती.

तिचंही रक्त तपासायला दिलं होतं. अशा घरात भावंडांना तपासावंच लागतं. ती पोर उड्या मारत होती, कॅरम खेळत होती, शाळेत पहिली येत होती. हिला काही असेल असं कोणाच्याच मनात येत नव्हतं, आणि तरी रिपोर्टच्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. फोन अलमेलूबाईंनी घेतला. ऐकून घेतलं, "सेरी, डॉक्टर", ठीक आहे, एवढंच म्हणाल्या, आणि श्रीरंजनीला जवळ ओढून घेतलं.

श्रीरंजनीलाही तेच होतं.

पण तिचं तांबं अजून यकृताच्या बाहेर पडलं नव्हतं. आताच गोळ्या सुरू केल्या आणि कधी चुकवल्या नाहीत, तर ही मुलगी म्हातारी होईपर्यंत धडधाकट राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मोठीमुळे धाकटी वाचली. हे समाधान मानायचं की दुःख, ते आईबापांना कित्येक दिवस ठरवता आलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत यामिनीची मान सरळ झाली. घास गिळता येऊ लागला. पाय ठीक पडू लागले. बोलणं परत आलं ते अर्धंमुर्धं, ओळखीच्या माणसालाच कळेल असं. उजव्या हाताची थरथर कमी झाली, गेली नाही. पेन धरता येईना.

आणि जूनमध्ये शाळेने कागद परत आणला. बोर्डाची परीक्षा कागदावरच असते आणि वरच्या वर्गांतल्या मुलांना तीन तास लिहवत नाही, अशी पालकांची ओरड झाली होती. लॅपटॉप कपाटात गेले, कुलपं लागली. रामस्वामी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "घ्या मॅडम, तुमच्या मनासारखं झालं."

"एक लॅपटॉप बाहेर ठेवा, सर," विद्युलताबाई म्हणाल्या. "यामिनीसाठी."

रामस्वामी थांबले. "एकीला दिला की दहा पालक मागतील. आणि तुम्ही मागताय? तुम्हीच तर विरोधात होता."

"होते. अजूनही आहे. लॅपटॉपने तिचं दुखणं झाकलं, ते मी विसरणार नाही. पण आज तिला बोलता येत नाही आणि लिहिता येत नाही. तिच्या डोक्यात सगळं शाबूत आहे. ते बाहेर यायला दुसरी वाट नाही. शब्द सुचवणारं ते काय आहे ते बंद करा, नुसती बटणं द्या. तिचं जे चुकेल ते चुकलेलं मला दिसू दे."

रामस्वामी कठड्याला हात टेकून उभे राहिले. "बैठकीत मी तिचं कौतुक केलं होतं," ते हळूच म्हणाले. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला.

आता आठवीच्या वर्गात यामिनी पहिल्या बाकावर बसते. एका बोटाने टाइप करते. बाई प्रश्न विचारतात आणि वर्ग थांबतो. सुरुवातीला मुलं चुळबुळ करायची, आता तितकी करत नाहीत. काही दिवस चांगले जातात. काही दिवस हात ऐकत नाही. तेव्हा ती लॅपटॉप मिटून खिडकीबाहेर बघत बसते आणि बाई तिला काही विचारत नाहीत. पुढे किती सुधारेल, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत.

परवा मधल्या सुट्टीत श्रीरंजनी शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, हातात डबा.

"मिस, मला पण अक्कासारखं हुणार का?"

खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. विद्युलताबाई उठून तिच्याजवळ गेल्या, गुडघे टेकून बसल्या. खोटं बोलावंसं त्यांना फार वाटलं.

"गोळ्या घेतल्यास तर नाही. चुकवल्यास तर होईल," त्या म्हणाल्या. "आजची घेतलीस?"

श्रीरंजनीने डब्याच्या झाकणातली पांढरी गोळी दाखवली. कंटाळा आला म्हणून ती तशीच राहिली होती. जेवायच्या आधी घ्यायची असते आणि पोरीने तर डबा खाऊन संपवला होता.

बाईंनी तिला बसवून ठेवलं आणि गोळी आता कधी द्यायची ते विचारायला अलमेलूबाईंना फोन लावला.